सोमवारची भाकर

सोमवारी सकाळी आमच्या घरात चूल पेटायची ती दोघांपुरती. एक मी आणि एक ती पोरगी. बायको सोमवार धरायची. दिवसभर पाण्यावर राहायची, दिवेलागणीला लिंगपूजा झाली की मग एकदाच जेवायची. मी गाडीवान. बैलांबरोबर दहा-बारा कोस चालणाऱ्याला कसला आलाय सोमवार? मी खायचो. तिनं उपाशीपोटी थापलेली भाकर खायचो आणि ती उपाशी आहे हे माझ्या ध्यानातसुद्धा यायचं नाही. ताट पुढं आलं की खाली बघायचं, एवढीच मला अक्कल. त्या अकलेनं मी त्या पोरीला सहा महिन्यांचे सगळे सोमवार उपाशी ठेवलं.

बायको गेल्या जेठात गेली. ही गोष्ट ती सांगायची. माझी अब्रू काढून सांगायची आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मला तसं जमत नाही. पण आता सांगणारी नाही, म्हणून मी सांगायलोय.

आमचं गाव दुबलगुंडी. शेत थोडं आणि भाऊ जास्त, म्हणून मी एक बैलगाडी घेऊन हुमनाबादेत राहायला आलो. हुमनाबादच्या बाजारातली तूर गुलबर्ग्याच्या आडतीत नेऊन टाकायची, येताना मीठ, गूळ, घासलेट, जे मिळेल ते भरून आणायचं. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. पाच-सहा गाड्या मिळून निघायचो. त्यातला एक गाडीवान मूळचा चिंताकीचा, औरादकडचा, तेलुगू मुलखाच्या शिवेवरचा. मराठा माणूस. बोलताना मधेच तेलुगू शब्द टाकायचा आणि आम्ही हसलो की आणखी दोन टाकायचा. त्याचं बिऱ्हाड आमच्याच गल्लीत होतं.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं असेल. त्या उन्हाळ्यात पटकी आली. चार दिवसांत तो गाडीवान गेला आणि त्याच्यामागं त्याची बायको. बारा वर्षांची पोरगी मागं राहिली. चिंताकीहून तिचा चुलता आला. त्यानं बैल नेले, गाडी नेली, पोरगी ठेवली. "आठ दिवस तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. ते आठ दिवस अजून संपले नाहीत.

आम्हाला मूल नव्हतं. एक झालं होतं, राहिलं नाही. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. आम्ही लिंगायत, पोरगी मराठ्याची, तेव्हा त्यांचा पहिला सवाल तोच. "आता हिला लिंग बांधणार का?"

बायको म्हणाली, "तिच्या मायबापानं तिला जसं ठेवलंय तसंच ऱ्हाऊ द्या. मी काय तिचा देव बदलायला आणली न्हाई. भाकर घालायला आणलीय." म्हणून तर सोमवारी तिच्यासाठी चूल पेटायची. स्वतःचा नेम स्वतःपुरता, पोरीच्या पोटाला तो लावायचा नाही, असं तिचं साधं होतं.

पोरगी आम्हाला अप्पा, अव्वा म्हणू लागली. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या मुलखात वाटेनं जाणाऱ्यालाही अप्पा म्हणतात. पण एक गोष्ट होती. ती काही मागायची नाही. एक भाकर वाढली तर एक खाऊन उठायची, दोन वाढल्या तर दोन. पाटी फुटली तर महिनाभर तुकड्यावर लिहीत बसली. थंडीत तिला पांघरूण कमी पडतंय हे बायकोला कळलं ते तिचे पाय हातानं चाचपून बघितल्यावर. मी आपला आडतीत कौतुकानं सांगायचो, "आमची पोरगी लई गुणाची. काय सुदिक मागत न्हाई."

हे एकदा बायकोनं ऐकलं. म्हणाली, "बैलाला भूक लागली की हंबरतोय, ते तुमाला ऐकू येतंय. ही हंबरत न्हाई, त्यात तुमाला गुण दिसतोय व्हय?"

"तुला समद्यात वाकडंच दिसतंय," मी म्हटलं.

शाळेत पोरगी हुशार निघाली. पहिली वर्षं उर्दूत शिकली, मग शाळा कन्नड झाली. घरात मराठी, आणि बापाची तेलुगू होतीच. पोरीच्या डोक्यात चार बाजार भरायचे, तरी पास व्हायची. मॅट्रिक झाली तेव्हा हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"हिला गुलबर्ग्याच्या कॉलेजात घाला. फी माफ करायचं माझ्याकडं लागलं. ऱ्हाण्या-खाण्याचं तुमी बगा."

"कॉलेजात पोरी असतेत?"

"हायेत की आठ-धा."

"मग पुरेत की तेवढ्या," मी म्हटलं आणि घरी आलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं, सतराची झाली, एखादा पोरगा बघू आणि अक्षता टाकू. बायको पुंडीची भाजी निवडत बसली होती. मान वर न करता बोलली.

"जिला भाकर मागता येत न्हाई तिला सासरी धाडताव? मायबाप न्हाईत मनून कोण कसं बी वागवल. ती मरल तितं, आन् लोक मनतील, सून लई चांगली हुती. आदी तिला तिच्या पायावर हुबं करा. चार लोकांत बोलू द्या. मग टाका अक्षता."

मी पोरीला हाक मारली. "तुला जायचंय का गं कॉलेजात?"

"तुमी मनताल तसं, अप्पा."

"बगा!" बायको म्हणाली. "हेच मनायलेय मी."

तेव्हा पोरींना राहायला बोर्डिंग नव्हतं. असलं तरी मला ठाऊक नव्हतं. बामणांच्या गरीब पोरांत वार लावून जेवायची रीत असायची. सात घरं ठरवायची, सात वार, ज्याच्या त्याच्या वाराला त्याच्या घरी जेवायचं. पोरीनं वार लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हे बायकोनंच काढलं. "तुमी वीस वर्सं त्या गावात गाडी रिकामी करायलाव. सात घरं वळखीची न्हाईत व्हय? मग कशाला वळख ठेवताव?"

झोपायला एका म्हाताऱ्या सुईणीच्या घरात कोपरा मिळाला. तिची एकच अट. दिवेलागणीला दाराला कडी. "बोलावणं आलं तर मी भाईर जाणार. तू न्हाई," तिनं पोरीला सांगितलं.

मग मी पोरीला बरोबर घेऊन घरं फिरलो. आडतीतला मुनीम, तेल्याची म्हातारी, एक कारकून, असे वार लागत गेले. शुक्रवार एका मुसलमान मास्तरणीनं घेतला. सगळे तिला उस्तानी म्हणायचे. ती म्हणाली, "मेरे घर का पकाया तुम्हारे लोगां को चलता नै चलता, झगडाच नको. मैं आटा-दाल देतूं, बच्ची मेरे आंगन में पका को खा लेंगी. और कम पडा तो मूं से बोलना." दुपारी पोटभर खायचं आणि संध्याकाळची भाकर फडक्यात बांधून न्यायची, असं सगळीकडं ठरलं. प्रत्येक दारात मी एकच वाक्य बोललो. "मायबाप नसलेली पोर हाय, शिकायलीय." पोरगी मागं गाठोडं घेऊन उभी असायची.

सोमवार राहिला होता. तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. गुलबर्ग्यात माझी थोरली चुलतबहीण, अक्का, दिलेली. डाळीच्या धंद्यातलं बरं घर, नेमधर्माचं. सोमवार म्हणजे शंकराचा दिवस, तो आपल्या घरी असावा, असं मला वाटलं. अक्का दारात आली. तिच्यापुढं मला ते वाक्य बोलवेना. आपल्या माणसापुढं पोरीला अनाथ म्हणायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "आमचीच हाय ती."

"तुमची ती आमचीच की रे," अक्का म्हणाली. "सोमवारचं काय, रोज येऊ दे."

मी खुशीत गाडी जुंपली. एवढं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं, असं वाटायचं. येताना बैलांना दोन ठिकाणी जादा चारा घातला.

पोरीची पत्रं यायची. मराठीत लिहायची, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून. मी बोट ठेवून वाचायचो आणि बायको ऐकायची. दर पत्रात तेच. मी खुशाल आहे. अभ्यास चालू आहे. मला काही लागत नाही. दिवाळीला चार दिवस आली, त्यात सोमवार नव्हता. वाळली होती. मी म्हटलं, पुस्तकं वाचून माणूस वाळतंच.

पौषात माझ्या बरोबरीचा एक गाडीवान गुलबर्ग्याहून आला आणि बाजारात सगळ्यांपुढं म्हणाला, "तुमची पोरगी मंगळवारी कॉलेजात चक्कर येऊन पडली. मागच्या मंगळवारी बी पडलीवती मनं."

मी तशीच गाडी काढली आणि तिला घेऊन आलो. सुईण म्हणाली, रोज विचारते, जेवलीस का, तर व्हय म्हणती. कॉलेजातल्या मास्तरांनी सांगितलं, तब्येत नसेल तर वर्ष बुडवा, पुढचं पुढं बघू. गल्लीत तर सगळे वाटच बघत होते. "आमी मनलं नव्हतं? पोरीच्या जातीला सोसतंय का ते?" मीही ठरवलं. बास झालं कॉलेज. जून गाठून लग्न.

 बायकोनं पाच दिवस पोरीला खाऊ घातलं. तूप घातलं, गव्हाची हुग्गी केली, शेंगाच्या पोळ्या केल्या. पोरगी खात होती. मग सोमवार आला.

मी अंगणात गाडीच्या कण्याला वंगण लावत होतो. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. बायकोनं भाकर थापली, ताट पोरीपुढं सरकवलं.

"खा."

"आज सोमवार हाय की, अव्वा."

"हाय. मग?"

"मी बी धरते आता."

"कदीपासनं?"

 बायकोनं तवा खाली उतरवला. त्याचा आवाज मला आला.

"कदीपासनं गं?"

"कॉलेजात गेल्यापासनं."

"कुणी सांगितलं धर मनून? आत्यानं?"

"तिनं न्हाई सांगितलं. पैल्या सोमवारी मी दुपारी गेले तर चूल गारच. समद्यांचा सोमवार. आत्या मनली, बरं झालं आलीस, पूजेची फुलं ववायला बस. आन् दिवेलागणीला परसादाला ये. पर त्या टायमाला सुईणीकडं कडी लागती."

"मग सांगायचं न्हाई व्हय, मी सोमवार धरत न्हाई मनून? मला दुपारी भाकर पायजे मनून?"

 पोरगी बोलली ते इतकं हळू की मी हातातलं वंगण धरून तसाच उभा राहिलो.

"अप्पांनी तितं सांगितलं हुतं. आमचीच हाय ती, मनून. बाकी घरी मायबाप नसलेली पोर मनाले. तितंच तेवढं आमची मनाले. मग मी भाकर कशी मागू? त्यास्नी वाटलं असतं, ही काय ह्यांची न्हाई."

रविवारी संध्याकाळी खाल्लेली ती मंगळवारी दुपारी खायची. अक्काच्या घरी फुलं ओवून, दुसऱ्यांच्या पूजेची तयारी करून, उपाशी कोपऱ्यात येऊन झोपायची. सहा महिने. माझ्या एका शब्दासाठी.

बायको बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ती हळू बोलली, ते जास्त लागलं.

"इतकी वर्सं सोमवारी तुमाला भाकर थापून वाढायलेय. तू खाल्लीस का, मनून एकदा तरी इचारलंत? इचारलं असतंत तर तुमाला ठावं असतं सोमवार काय असतोय. मग तितं अक्कापुढं चार शबुद जादा निघाले असते तोंडातनं. पोरगी सोमवारी जेवती. येवढंच सांगायचं हुतं."

"मी जाऊन सांगून येतो."

"तुमी नगं. तुमी एकदा सांगून आलाव. गाडी जुंपा. आमी दोगी येतो."

हुमनाबादच्या पुढं त्या वाटेनं बायको कधी गेली नव्हती. उपाशी होती, सोमवारच होता. म्हटलं उद्या निघू, तर ऐकेना. कडक भाकरींची चवड फडक्यात बांधली, शेंगाच्या चटणीची बरणी घेतली आणि चढून बसली.

गावाबाहेर आलो तशी पोरीला म्हणाली, "गुलबर्गा येईस्तवर काईतरी एक माग. न्हाई मागितलंस तर गाडी माघारी. कॉलेज बी बंद, समदंच बंद."

पोरगी कोसभर गप्प. मी बैलांकडं बघत होतो. 

"पाणी," पोरगी शेवटी म्हणाली.

"पाणी तर बैल बी मागतेत. दुसरं माग."

आणखी कोसभर. रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचं रान लागलं. हिरवंगार, घाटे भरलेलं. मला वाटतं तिनं आधी तिकडं बघितलं, मग माझ्या पाठीकडं, मग अव्वाकडं.

"ढाळे."

"काय?"

"मला ढाळे खावेसे वाटायलेत."

"कुणाला सांगायलीस? मला का बैलाला?"

"अप्पा," पोरगी म्हणाली.  "गाडी थांबवा. मला ढाळे पायजेत."

मी उडी मारली. रानात एक माणूस होता, त्याला म्हटलं, पोरीला पाहिजेत. त्यानं मूठभर द्यायला हात घातला, मी म्हटलं जुडी दे बाबा, मूठभर नको. जुडी आणून तिच्या मांडीवर टाकली. ती घाटे सोलून खायली आणि रडायली, दोन्ही बरोबरच. बायको तिच्याकडं न बघता म्हणाली, "साली भाईर टाक. गाडीत कचरा नगं." आणि पदर डोळ्याला लावला. मी बैलांना हाकललं. मला गाणं येत नाही, नाहीतर म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात पोचलो. अक्का खूश होऊन बाहेर आली. बायको म्हणाली, "बसते, पर आदी ही तुला काय तरी सांगणार हाय." आणि पोरीला पुढं केली.

पोरगी उंबऱ्यापाशी उभी राहिली. हातात पदराचा पीळ. "आत्या, मी सोमवार धरत न्हाई. मी सोमवारी जेवते."

"आन् आमचीच हाय," बायको मागून म्हणाली. "दोनी खरं हाय."

अक्कानं कपाळावर हात मारला. "अगं बया! मग इतके दिस मूग गिळून बसलीस व्हय गं? फुलं ववून घेतली मी हिच्याकडनं, उपाशी! शंकरानं मला कुठं ठेवावं?" मग माझ्याकडं वळली. "आन् तू रे? तुझं तोंड बैलाला भाड्यानं दिलंतंस का?"

आतून तिचे मालक खाकरले. "सोमवारी ह्या घरात दिवसा चूल पेटणार न्हाई, सांगून ठेवतो."

बोलायच्या आधी बायकोनं फडकं सोडलं आणि कडक भाकरींची चवड उंबऱ्यावर ठेवली. "नगा पेटवू, अण्णा. तुमचा नेम तुमाला असू द्या. ही भाकर महिना टिकती. सोमवारी दोन भाकरी, चटणी आन् घरातलं दही घाला. चुलीला कुणी इचारत न्हाई."

अण्णांनी चवड उचलून आत नेली. पुढं अक्का दर रविवारी दह्याचं मोठं गाडगं लावायची आणि सोमवारी स्वतः उपाशी राहून पोरीसमोर बसून तिला खाऊ घालायची. माझ्या बायकोसारखंच. ह्या बायकांना काय म्हणावं मला कळत नाही. मी त्यांना हात जोडतो, दुसरं काय करणार.

परत निघताना बायकोनं पोरीला एक कायदा घालून दिला. "काय लागत न्हाई असं लिवलेलं पत्र घरात घेणार न्हाई. दर पत्रात एक तरी माग."

पहिल्या पत्रात तिनं सुई मागितली. सुई! बायको म्हणाली, "चालतंय. रांगतंय अजून." पुढच्या पत्रात कारळाची चटणी. मग माझ्या गाडीचा कंदील, अभ्यासाला. कंदिलाशिवाय मी महिनाभर उजेडातच गाडी हाकली आणि लोकांनी विचारलं तर छाती काढून सांगायचो, पोरीनं मागून घेतला. पहिल्यासारखा गुणाची पोरगी म्हणून नाही सांगितलं कधी. परीक्षेच्या आधी पत्र आलं, अव्वाला आठ दिवस पाठवा. आठ दिवस बायको त्या सुईणीच्या घरात राहिली, आणि मी हुमनाबादेत स्वतः भाकर थापायला शिकलो. पहिली जी झाली ती बैलानंही हुंगून सोडली.

पोरगी इंटर पास झाली. उदगीरच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक मिळाली. त्याच वर्षी पुढं निजामाचं जुनं राज्य फुटलं. आम्ही म्हैसूरकडं गेलो, उदगीर मुंबईकडं. पण ती निघाली तेव्हा एकच राज्य होतं आणि एकच जिल्हा. मी गाडी दारात लावली. तिची पेटी, अंथरूण, पुस्तकं ठेवली. बायकोनं डबे भरले. सगळं झाल्यावर पोरगी आत गेली, चुलीपाशी उभी राहिली.

"अव्वा, तुजा तवा दे."

"बाजारात नवा मिळतोय की. अप्पा घेऊन देतील."

"नवा नगं. ह्यो पायजे."

बायकोनं तवा राखेनं घासला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.  गाडी वळणाआड जाईपर्यंत मागून तिचा आवाज येत होता. सगळ्या गल्लीला सांगत होती. "तवा मागून नेला बगा! चुलीवरचा तवा मागून नेला माझ्या पोरीनं!" त्या दिवशी बायकोनं शेजारणीचा तवा मागून आणून भाकर केली.

पुढं लग्नाचंही पोरीनंच मागितलं. तिच्या शाळेतलाच मास्तर. "अप्पा, मला ह्यो माणूस पायजे," असं सरळ माझ्या तोंडावर. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बगताव? शिकवलंय आपणच."

जेठात बायको गेली तेव्हा पोरगी पंधरा दिवस राहिली आणि शाळा उघडली म्हणून गेली. तिचेही केस पिकलेत आता. त्यानंतर मी सोमवार धरू लागलो. कुणाला सांगितलं नाही. जन्मात कधी धरला नव्हता. घरात सोमवार कुणीतरी धरायला पाहिजे, एवढंच वाटलं. पहिल्या सोमवारी दुपारी भूक लागली तेव्हा बायकोची आठवण आली. इतकी वर्षं असल्या रिकाम्या पोटानं ती माझ्यासाठी भाकरी थापत होती.

मागच्या सोमवारी पोरगी न सांगता आली. पिशवी ठेवली, चुलीला हात लावून बघितला.

"अप्पा, चूल गार कामून? जेवलाव?"

"सोमवार हाय."

"कदीपासनं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. आम्हा दोघांनाही ती सकाळ आठवली असणार.

"अव्वा गेल्यापासनं," मी म्हटलं.

तिनं हात धुतले, पीठ काढलं. मग तशीच उभी राहिली, चूल पेटवेना.

"मागा."

"काय?"

"काय पायजे ते मागा. तुमी मागितल्याबिगर मी चूल पेटवणार न्हाई."

मला लई वेळ लागला. ढाळ्याच्या रानापर्यंत त्या पोरीला का दोन कोस लागले ते मला त्या दिवशी समजलं. सत्तरीतल्या माणसाला लाज वाटते. तोंडाशी येतं आणि माघारी जातं.

"भाकर दे," मी म्हटलं. "आन् आज माघारी जाऊ नको. चार दिस ऱ्हा."

"ऱ्हाते," ती म्हणाली आणि काडी ओढली.

भाकर तव्यावरून सरळ ताटात पडली. मी एक घास मोडला. नेहमीसारखं खाली बघून खायला लागलो होतो, पण थांबलो आणि वर बघितलं.

"तू खाल्लीस का?"

"न्हाई अजून," पोरगी म्हणाली. "वाढा मला."

मी उठलो आणि तिला वाढलं.